खाली किती उरलंय? चंद्रावर उतरणाऱ्या यंत्रांची खरी अडचण

बाई, तुमच्या नववीच्या वर्गाचे प्रश्न मिळाले. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात चांद्रयान-३ वर बोलणं निघालं आणि मुलांनी विज्ञानाच्या बाईंना तीन प्रश्न घातले. "माणूस १९६९ साली उतरला न्हवं, मग आता मशीन का पडतंय?" हा पहिला. विक्रम (चांद्रयान-३ चा लँडर, म्हणजे चंद्रावर उतरलेलं यान) झोपला तो परत उठला का नाही, हा दुसरा. आणि पुढं काय होणार, त्यात आमच्यासारख्यांना काही काम असतंय का, हा तिसरा. बाईंनी ते माझ्याकडं पाठवले.

मी बेंगळूरला उपग्रहांच्या सेन्सर-चाचण्यांत नोकरी काढली, आता बेळगावात टिळकवाडीत असतो. चांद्रयानाच्या पथकात मी नव्हतो. त्या मोहिमांबद्दल जे लिहितोय ते सगळं इस्रोनं आणि इतरांनी जाहीर केलेलं आहे. पण अंतर, वेग आणि कोन मोजणारी उपकरणं कशी फसतात आणि कशी फसवतात, हे बघणं माझं रोजचं काम होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथंच आहे.

मुलांना वाटतं की चंद्रावर उतरणं म्हणजे इंजिनाचा खेळ. इंजिन लागतंच. चंद्राला हवा नाही, पॅराशूट उघडून उपयोग नाही. विक्रमनं उतरायला सुरुवात केली तेव्हा तो तीसेक किलोमीटर उंचीवर होता आणि त्याचा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर, म्हणजे ताशी सहा हजारांच्या घरात. तो सगळा वेग इंजिनानंच मारायचा. पण तसं इंजिन बनवता येतं, जमिनीवर हवं तितक्या वेळा चालवून बघता येतं. कठीण आहे ते इंजिनाला किती जोर लावायला सांगायचं हे ठरवणं. त्यासाठी यानाला दर क्षणी कळावं लागतं: जमीन किती खाली आहे, आपण किती वेगानं खाली चाललोय, आडवे किती सरकतोय, आणि आपलं तोंड कुठं आहे.

हे कळायचं कसं? चंद्राभोवती जीपीएसचे उपग्रह नाहीत. यानात जायरो आणि ॲक्सेलरोमीटर असतात. किती धक्का बसला, किती वळलो याची ते बेरीज करत जातात. पण बेरजेत चूकही बेरजेनंच वाढते. ॲक्सेलरोमीटरमध्ये सेकंदवर्गाला फक्त एक मिलिमीटरची चूक धरा. नववीच्या सूत्रात घाला, s = ½at². दहा मिनिटांनी, म्हणजे ६०० सेकंदांनी, जागेत १८० मीटरची चूक झालेली असते. वरून आणखी काहीच न मोजता उतरायला गेलं तर यानाला वाटेल आपण जमिनीपासून १८० मीटर उंच आहोत आणि प्रत्यक्षात ते आपटलेलं असेल. म्हणून खाली लेझर किंवा रडार टाकून खरी उंची मोजायची आणि बेरजेतली चूक दुरुस्त करत राहायची.

बेंगळूरहून हे का सांगत नाही, असंही एका मुलानं लिहिलंय. रेडिओ लहरीला चंद्रापर्यंत जायला सुमारे १.३ सेकंद लागतात, परत यायला तेवढेच. खाली येण्याचा वेग सेकंदाला ६० मीटर असेल तर प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत यान दीडशे मीटर खाली आलेलं. त्यामुळं उतरण्याची आज्ञा एकदा गेली की खोलीतली सगळी माणसं प्रेक्षकच असतात. टीव्हीवर सगळे शास्त्रज्ञ हात जोडून बसलेले दिसतात, त्याला हेही एक कारण.

आता दोन उपकरणांची मापं जुळेनात तर? ज्या मुलांच्या घरचं कुणी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशीनवर) असेल त्यांना हे घरीच विचारता येईल. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारं) एक आकडा दाखवतं, मायक्रोमीटर दुसरा. कारागीर काय करतो? जॉब थांबवतो, मास्टर रिंग, म्हणजे नेमक्या मापाची कडी, काढतो, दोन्ही तपासतो, मग पुढं जातो. यानाला जॉब थांबवता येत नाही. त्याला सेकंदाच्या आत ठरवावं लागतं की कुणाला खरं मानायचं आणि कुणाला नादुरुस्त म्हणून बाजूला काढायचं. तो नियम आधीच, इथं पृथ्वीवर बसून, कुणीतरी लिहिलेला असतो.

अशाच एका नियमानं जपानी खासगी कंपनी आयस्पेसचं हाकुतो-आर यान एप्रिल २०२३ मध्ये गेलं. ते सगळं छान उतरत होतं. ॲटलस नावाच्या विवराच्या कडेवरून ते आत आलं आणि खालची जमीन एकदम तीनेक किलोमीटर खोल गेली. अल्टिमीटरनं, म्हणजे उंची मोजणाऱ्या उपकरणानं, बरोबर तेच सांगितलं. पण सॉफ्टवेअरमध्ये नियम असा की उंचीत एवढी अचानक उडी आली तर उपकरण बिघडलं असं समजायचं. यानानं खरं बोलणाऱ्या अल्टिमीटरला गप्प केलं आणि स्वतःच्या बेरजेवर विश्वास ठेवला. बेरीज म्हणत होती आपण जमिनीला टेकलो; प्रत्यक्षात यान पाच किलोमीटर वर होतं. तिथंच ते हळूहळू उतरत राहिलं, इंधन संपलं आणि पडलं. कंपनीनं नंतर सांगितलं की उतरण्याची जागा रचना ठरल्यानंतर बदलली होती आणि नव्या वाटेवरच्या चढउताराची सिम्युलेशनं (संगणकावरच्या चाचण्या) पुरेशी झाली नव्हती. म्हणजे इंजिन चांगलं, अल्टिमीटर चांगलं, नियमही एका जागी शहाणपणाचा. फक्त खाली कडा असेल हे त्या नियमाला कुणी सांगितलं नाही.

ही आजची गोष्ट वाटेल. छप्पन वर्षं मागं जाऊ.

अमेरिकेचं सर्व्हेयर-३ एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलं. सर्व्हेयरची पद्धत अशी होती की जमिनीपासून चारेक मीटरवर इंजिनं बंद करायची आणि उरलेलं अंतर पडू द्यायचं. सर्व्हेयर-३ एका विवरात उतरत होतं. तिथल्या दगडांवरून रडारचे प्रतिध्वनी इतके जोरदार आले की रडार गोंधळलं, आणि इंजिनं वेळेवर बंदच झाली नाहीत. यान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं. शेवटी आज्ञा देऊन इंजिनं बंद केली तेव्हा कुठं ते स्थिर झालं. नशीब चांगलं, पाय शाबूत राहिले आणि कॅमेऱ्यानं हजारो चित्रं पाठवली. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ चे अंतराळवीर त्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर उतरले आणि त्याचा कॅमेरा काढून घरी घेऊन आले. चंद्रावर यंत्र पाठवून नंतर माणसानं जाऊन त्याचा सुटा भाग परत आणला, असं तेवढं एकदाच घडलंय.

(माणूस उतरलाच नाही, सगळं स्टुडिओत, असं सांगणारा एखादा काका प्रत्येक गावात असतो. त्याला सांगा की अपोलोच्या जागांचे फोटो आपल्याच चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनंही काढलेत. वाद एवढ्यावर संपवा, वेळ महाग आहे.)

तर पहिल्या प्रश्नातली एक समजूत दुरुस्त करतो. तेव्हा सगळं सुरळीत होत होतं आणि आता आपल्याला जमेना, असं नाही. तेव्हाही यंत्रं पडतच होती. सोव्हिएत संघाचं लुना-२ सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्रावर आदळलं, आणि आदळणं हाच त्याचा उद्देश होता. पुढच्याच महिन्यात लुना-३ नं चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे पहिले फोटो काढले. फिल्म यानातच धुतली गेली आणि स्कॅन करून रेडिओनं पाठवली. इथवर ठीक. पण हळू उतरायचं म्हटल्यावर १९६५ या एका वर्षात लुना-५, लुना-७ आणि लुना-८ पडली आणि लुना-६ चंद्राला चुकवून निघून गेलं. फेब्रुवारी १९६६ मध्ये लुना-९ जमलं, तेही पायांवर नाही. जमिनीला आधी टेकणारी लांब दांडी होती. ती टेकताच हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेला गोळा यानानं बाजूला फेकला, तो घरंगळत थांबला, पाकळ्या उघडल्या. शेवटच्या टप्प्यातली उंची मोजायची भानगड त्यांनी दांडीवर सोपवली. मला ही रचना फार आवडते. अमेरिकेच्या रेंजर यानांना तर पायांवर उतरायचंच नव्हतं, तरी पहिली सहा फसली. सहावं चंद्रापर्यंत पोचलं पण कॅमेरेच चालू झाले नाहीत. जुलै १९६४ मध्ये रेंजर-७ नं चित्रं दिली. सात सर्व्हेयरपैकी पाच उतरली, दोन गेली.

आणि अपोलो-११? त्यातही रडार होतं, संगणक होता. पण संगणक नेत होता ती जागा मोठाल्या दगडांनी भरलेली निघाली. आर्मस्ट्राँगनी खिडकीतून ते बघितलं, यान हातात घेतलं आणि आडवं पुढं नेऊन मोकळ्या जागी उतरवलं. माणसाचा डोळा, त्यामागं हजारो तासांचा सराव, आणि दगड दिसताच बेत बदलण्याची मुभा. आज आपण ते सगळं कॅमेरा, लेझर आणि सॉफ्टवेअरमध्ये भरायला निघालोय. म्हणून "माणूस उतरला, मग मशीन का पडतंय" याचं सरळ उत्तर: माणूस बघत होता. मशीनला बघायला शिकवायचं चाललंय.

सप्टेंबर २०१९ मध्ये आपला चांद्रयान-२ चा विक्रम कसा पडला हे २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी उघडपणे सांगितलं, आणि ते मुलांना सांगण्यासारखं आहे. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळं चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला जलद वळावं लागलं असतं, पण वळण्याचा कमाल वेग सॉफ्टवेअरनं मर्यादित ठेवला होता. त्यात उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच. यान ती जागा गाठायला धडपडत राहिलं आणि वेग वाढला. इथं बघा, एकेकटी कुठलीच गोष्ट जीवघेणी नव्हती. तिन्ही एकत्र आल्या.

चांद्रयान-३ मध्ये मग काय केलं? जागा मोठी केली, ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. मधलं पाचवं इंजिन काढलं, इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, जास्त वेगानं टेकलं तरी चालेल अशी सोय केली. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा बदल म्हणजे लेझर डॉप्लर व्हेलोसीमीटर. आधी वेग काढायला बरंच काही कॅमेऱ्याच्या चित्रांवर आणि बेरजेवर होतं. आता लेझरचा किरण जमिनीवर मारून परत येणाऱ्या किरणाच्या बदललेल्या वारंवारितेवरून वेग थेट मोजता येऊ लागला. रुग्णवाहिका जवळ येताना सायरनचा सूर चढतो तो डॉप्लर परिणाम तुम्ही शिकवताच, तोच हा. याशिवाय लेझर अल्टिमीटर वेगळं, रडार अल्टिमीटर वेगळं, आडवा वेग बघणारा कॅमेरा वेगळा, खड्डे-दगड ओळखणारा कॅमेरा वेगळा. एकमेकांवर नजर ठेवणारी ही माणसं म्हणा हवं तर.

चाचण्या कुठं झाल्या हे ऐकून मुलं खूश होतील. आपल्याच कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेऱ्याजवळ, माळरानावर चंद्रासारखी विवरं खणून त्यावरून सेन्सर फिरवले गेले. हेलिकॉप्टरला सेन्सर बांधून उड्डाणं झाली, क्रेनला यानाचा नमुना लटकवून इंजिनं चालवली गेली. चंद्राच्या मातीसारखी माती करायला तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा ॲनॉर्थोसाइट दगड दळला. चित्रदुर्ग आपल्या हायवेवरचंच की. बेंगळूरला जाताना बस तिथून जाते.

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. चंद्राच्या ६९ अंश दक्षिण अक्षांशावर विक्रम टेकला. उतरण्याच्या त्या एकोणीस मिनिटांत मी इंजिनाकडं बघतच नव्हतो. पडद्यावर मोजलेली उंची आणि ठरलेली उंची यांच्या दोन रेषा एकमेकींवर बसल्यात का, तेवढंच बघत होतो. त्या बसल्या.

बाकीच्यांची हालहवाल भराभर सांगतो, कारण सगळीकडं पुन्हा तेच. इस्रायलचं बेरेशीट, एप्रिल २०१९: जायरो-ॲक्सेलरोमीटरचा एक संच बंद पडला, तो सुरू करण्याच्या खटपटीत मुख्य इंजिन बंद पडलं. रशियाचं लुना-२५, ऑगस्ट २०२३: कक्षा बदलताना ॲक्सेलरोमीटरचा संच चालूच झाला नव्हता, त्यामुळं इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं. अमेरिकी खासगी यान ओडिसियस, फेब्रुवारी २०२४: लेझरचा सुरक्षा-स्विच उड्डाणाआधी काढायचा राहिला, उतरताना लेझर चाललंच नाही, टेकलं, पण कलंडलं. त्याच कंपनीचं अथीना, मार्च २०२५: अल्टिमीटरचा घोळ आणि ध्रुवाजवळच्या लांबच लांब सावल्या, आडवं पडलं. आयस्पेसचं दुसरं यान, जून २०२५: लेझर अंतरमापकानं माप द्यायला उशीर केला, वेग आटोक्यात आला नाही. या यादीत कुठंही "इंजिनात ताकद नव्हती" असं सापडत नाही.

चांगलं काय झालं तेही सांगायला हवं. जपानचं स्लिम, जानेवारी २०२४, ठरलेल्या बिंदूपासून शंभर मीटरच्या आत उतरलं. कॅमेऱ्यातली विवरं नकाशाशी जुळवत ते वाट शोधत आलं. शेवटी एका इंजिनाचं तोंड (नोझल) तुटलं आणि ते नाकावर बसलं ही गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं ब्लू घोस्ट मार्च २०२५ मध्ये पायांवर सरळ उतरलं. आणि चीन. चांग'ई-३, ४, ५, ६, चारही उतरली; त्यातलं चांग'ई-४ हे २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर, जिथून पृथ्वी दिसतच नाही आणि बोलायला संदेश पुढं पाठवणारा वेगळा रिले उपग्रह ठेवावा लागतो. चांग'ई-३ शंभर मीटरवर थांबून लेझरनं खालच्या जमिनीचं त्रिमितीय चित्र घेत होतं आणि मग जागा निवडत होतं. त्यांच्या यशात हा थांबण्याचा वेळ आणि तीच रचना पुन्हा पुन्हा वापरण्याचा धीर यांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. दर वेळी नवीन काहीतरी करून दाखवायचा मोह आवरणं अवघड असतं, आपल्याकडंही.

दुसरा प्रश्न, विक्रम उठला का नाही. चंद्राचा एक दिवस पृथ्वीच्या सुमारे चौदा दिवसांचा आणि रात्रही तेवढीच. विक्रम सकाळी उतरला आणि मावळतीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, प्रज्ञान (विक्रमबरोबर गेलेला रोव्हर, म्हणजे चाकांची गाडी) आणि विक्रम दोघांना झोपवलं. त्याआधी त्यानं इंजिन पुन्हा चालवून चाळीसेक सेंटीमीटरची उडी मारली होती, ती पुढच्या मोहिमांसाठी महत्त्वाची, त्याकडं येतो. रात्री तिथलं तापमान उणे दीडशेच्याही खाली जातं. बॅटरीतलं रसायन गोठतं. सर्किट बोर्डावर डाख, तांबं आणि सिरॅमिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. डाखाला केसासारखे तडे जातात, डोळ्यांना न दिसणारे. सकाळी ऊन आलं तरी जोड तुटलेलाच. विक्रमची रचना एका चांद्रदिवसासाठी होती आणि तेवढं काम त्यानं पूर्ण केलं. उठला असता तर बोनस.

मग रात्र काढायची कशी? यात सोव्हिएत लोकांनी कमाल केली होती. लुनोखोद-१ हे आठ चाकांचं यंत्र नोव्हेंबर १९७० मध्ये उतरलं आणि सुमारे दहा महिने फिरलं. पोटात पोलोनियम होतं, त्याच्या किरणोत्सर्गी उष्णतेवर ते रात्री ऊबदार राहायचं. वर डब्यासारखं झाकण, दिवसा उघडायचं, आतल्या बाजूला सौर पट्ट्या, रात्री बंद. क्रिमियात बसलेली माणसं काही सेकंदांनी एक अशी येणारी चित्रं बघत ते चालवायची. १९७३ मध्ये लुनोखोद-२ तर ३९ किलोमीटर गेलं. मंगळावरच्या अपॉर्च्युनिटी रोव्हरनं २०१४ मध्ये मोडेपर्यंत पृथ्वीबाहेर सगळ्यात लांब चालण्याचा उच्चांक त्याच्याच नावावर होता. आणि ते मेलं कशानं? एका विवराच्या उतारावर उघडं झाकण घासलं, त्यात माती आली. रात्री झाकण मिटलं तेव्हा ती माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या पृष्ठावर सांडली. दुसऱ्या दिवशी उन्हात यंत्र तापून गेलं. थंडीतून वाचलं आणि मूठभर धुळीनं गेलं. चंद्राची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार असते, चिकटून राहते, आणि यापुढच्या प्रत्येक मोहिमेला ती छळणार आहे.

भारतानं उष्णतेचा हा मार्ग चाचपून बघितलाय. चांद्रयान-३ च्या प्रॉपल्शन मॉड्यूलवर (विक्रमला चंद्राच्या कक्षेत नेणाऱ्या भागावर) एक वॅटचे दोन किरणोत्सर्गी हीटर प्रयोग म्हणून बसवले होते. दरम्यान जपानच्या स्लिमनं असले हीटर नसताना तीन रात्री काढल्या; कुणी अपेक्षा केली नव्हती. त्यावर भरवसा ठेवून कुणी रचना करणार नाही, पण आनंद व्हायला हरकत नाही.

विक्रमच्या एका उपकरणानं मात्र रात्रीबद्दल उपयोगी माहिती दिली. जमिनीत खुपसलेल्या तापमापकानं दाखवलं की वर पन्नास अंशांपेक्षा जास्त ऊन असताना आठ सेंटीमीटर खाली उणे दहा अंश होतं. वितीपेक्षा कमी खोलीवर साठ अंशांचा फरक! ती माती उष्णता जाऊच देत नाही. पुढं यंत्रं किंवा माणसं टिकवायची तर मातीखाली जायची चर्चा त्यामुळंच होते.

आता पुढचं. सगळे दक्षिण ध्रुवाकडं निघालेत, कारण पाणी. चांद्रयान-१ वरच्या अमेरिकी उपकरणानं २००९ मध्ये पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा दाखवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासानं काबेयस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला आणि उडालेल्या धुरळ्यात सुमारे १५५ किलो पाणी मोजलं. ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही, तिथं बर्फ टिकून आहे. पण ज्या कारणानं बर्फ टिकला त्याच कारणानं उतरणं अवघड. सूर्य क्षितिजाला टेकलेला, दगडाच्या सावल्या त्याच्या उंचीच्या कितीतरी पट लांब, आणि कॅमेऱ्याला सावली आणि खड्डा यांतला फरक कळेना. अथीना तिथंच पडलं. जपानबरोबरच्या लुपेक्स या आपल्या संयुक्त मोहिमेत लँडर इस्रोचा आणि रोव्हर जपानचा. त्या रोव्हरनं ध्रुवाजवळ जमीन खणून पाणी शोधायचंय. प्रज्ञान २६ किलोचा होता, हा शेकडो किलोंचा. चीनच्या चांग'ई-७ मध्ये सावलीतल्या विवरात उडी मारून जाणारं छोटं यंत्र आहे. नासाचा व्हायपर रोव्हर बनून तयार असताना जुलै २०२४ मध्ये खर्चापायी रद्द झाला, मग सप्टेंबर २०२५ मध्ये तो नेण्याचं काम एका खासगी कंपनीला मिळालं. सरकारी फायलींचा प्रवास सगळीकडं सारखाच.

आपल्यासाठी मोठी गोष्ट चांद्रयान-४. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,१०४ कोटींची मंजुरी दिली. चंद्राची माती आणायची. यंत्रांनी ती याआधी आणलीय: लुना-१६, २० आणि २४ नं मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, चांग'ई-५ नं १,७३१ ग्रॅम, चांग'ई-६ नं पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम. (अपोलोच्या माणसांनी ३८२ किलो. यंत्रांची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यानं हा आकडा लपवू नये.) यात दोन रॉकेटं, पाच भाग, चंद्रावरून वर उडायचं, चंद्राच्या कक्षेत दुसऱ्या यानाला जोडायचं, माती त्यात सरकवायची, परत यायचं. विक्रमची ती चाळीस सेंटीमीटरची उडी इथं कामाला येते.

लोक विचारतात, यातलं अवघड काय? माझ्या मते उतरणं नव्हे, ते आता जमतंय. चंद्राभोवती दोन यानांनी एकमेकांना शोधून जुळणं अवघड. जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत आपण पृथ्वीभोवती दोन यानं जोडली, मोठं काम झालं. पण तिथं दोन्ही यानांना जीपीएससारख्या उपग्रहांकडून जागा कळत होती. चंद्राभोवती ती सोय नाही. अगदीच नाही असंही म्हणता येईना: मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्टवरच्या एका रिसीव्हरनं चंद्रावर बसून पृथ्वीभोवतीच्या जीपीएस आणि गॅलिलिओ (युरोपचं जीपीएस) उपग्रहांचे संदेश पकडून स्वतःची जागा काढली. मी ती बातमी तीनदा वाचली. एवढे क्षीण संदेश पकडता येत असतील तर पुढच्या दहा वर्षांत माझ्या जुन्या धंद्यातलं बरंच काही बदलणार.

तिसरा प्रश्न कामाचा. बाई, मुलांना सांगा की अंतराळयान म्हणजे फक्त आयआयटी नाही. यानातला प्रत्येक व्हॉल्व्ह, ब्रॅकेट, फिटिंग कुणीतरी घडवतं आणि कुणीतरी मोजतं. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेचं पेरेग्रिन यान चंद्रापर्यंत पोचलंच नाही, कारण एक हेलियमचा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही आणि टाकी फुटली. बेळगावात हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह, कास्टिंग, मशिनिंग पिढ्यान्‌पिढ्या चालतं. हत्तरगीला विमानांचे भाग बनतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करून मापनाच्या खोलीत, कॅलिब्रेशनमध्ये (मापं घेणारी उपकरणं तपासण्याच्या कामात) शिरलेल्या पोराला या धंद्यात जागा आहे. मात्र दोन गोष्टी हव्यात. गणित, निदान त्रिकोणमिती तरी, पाठ न करता समजलेली. आणि मापाची नोंद जशी आली तशी लिहिण्याची सवय. टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, बसत नाही म्हणून शेवटचा आकडा गोल करणारा माणूस तिथं चालत नाही. कन्नड आणि इंग्रजी दोन्ही लागतील, ते आपल्याकडच्या मुलांना नवं नाही.

आणि एक काम वर्गातच करता येईल. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर आजही चंद्राभोवती फिरतोय. त्याच्या कॅमेऱ्याच्या चित्रात जमिनीवरचा तीसेक सेंटीमीटरचा ठिपका दिसतो; विक्रमची जागा निवडायलाही तीच चित्रं वापरली. इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर नोंदणी करून ती फुकट मिळतात. शाळेच्या संगणकावर एक चित्र उतरवून घ्या. सोबतच्या माहितीत सूर्य क्षितिजापासून किती अंशांवर होता ते दिलेलं असतं. एखादा एकटा मोठा दगड शोधायचा, त्याच्या सावलीची लांबी ठिपके मोजून मीटरमध्ये काढायची आणि सूर्याच्या कोनाच्या tan नं गुणायची. सावली ४० मीटर आणि सूर्य १० अंशांवर असेल तर tan १०° म्हणजे ०.१७६, दगडाची उंची सात मीटर. मुलांच्या दोन गटांना एकच दगड द्या, एकमेकांची वही बघू देऊ नका. उत्तरं वेगळी आली तर कुणाचं खरं मानायचं आणि का, हे त्यांनाच फळ्यावर मांडू द्या. सावलीची कड उतारावर पडली असेल तर आकडा चुकेल, हे आधी सांगू नका. जे निघेल ते मला पाठवा, चुकीसकट.